सत्तेचाळीस नंबरची जागा

"तुमची उंची किती?"

कुठल्याही मुलीनं अनोळखी मुलाला पहिल्याच वाक्यात विचारू नये असा हा प्रश्न मी त्याला विचारला, आणि तोही भर रस्त्यात, गळ्यात शिट्टी अडकवून. त्यानं आधी मागे वळून बघितलं. मागे कुणीच नव्हतं.

"मला विचारताय?"

"तुम्हालाच. पाच आठ?"

"पाच… साडेआठ. का हो?"

"अर्धा इंच चालेल. इथे उभे राहा. सत्तेचाळीस नंबर."

"अहो, पण मी फक्त पुस्तक परत करायला —"

"आज सगळी पुस्तकं इथूनच जाणार आहेत. उभे राहा म्हटलं ना."

आणि तो चक्क उभा राहिला. काखेत एक जुनाट पातळसं पुस्तक, हातांवर काळ्या वंगणाचे डाग, केसांत कसलासा चुना. मी वहीत सत्तेचाळीससमोर बरोबरची खूण केली. एक गोष्ट इथेच कबूल करते, त्याचे डोळे छान आहेत हे मला तेव्हाच दिसलं होतं. पण नऊ वाजून पंचवीस मिनिटं झाली होती आणि डोळे बघायला मला वेळ नव्हता.

प्रकरण असं होतं. आमच्या वाचनालयाची जुनी इमारत पाडायची होती. नवीन इमारत फार लांब नाही, गल्ली संपते, कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे, तिथून वळलं की मोठ्या रस्त्यावर. पुस्तकं जवळजवळ अकरा हजार. आमच्या समितीचे अध्यक्ष म्हणाले, ट्रक मागवू, पोत्यांत भरू, विषय संपला. मागे एकदा रंगकामाच्या वेळी पुस्तकं अशीच पोत्यांत भरली होती. ती पुन्हा क्रमानं लावायला दोन वर्षं गेली, आणि ती दोन वर्षं माझी गेली. म्हणून मी भर बैठकीत उठून म्हणाले, की माणसांची साखळी करू. वाचकच हातोहात पुस्तकं नेतील, या कपाटातून काढलं की त्या कपाटात, क्रम जराही न मोडता.

सगळे हसले. मोठ्या बाई मात्र हसल्या नाहीत. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्य ग्रंथपाल, महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या. त्यांची खुर्ची मला मिळावी असं त्यांच्या मनात होतं, माझ्या तर फारच होतं, कारण चार वर्षं मी हंगामी म्हणूनच राबत होते. अध्यक्ष म्हणाले, "ठीक आहे. रविवारी संध्याकाळी पाचला मला जुन्या इमारतीच्या किल्ल्या द्यायच्यात. पाचपर्यंत झालं तर खुर्ची तुमची. नाही झालं तर सोमवारी ट्रक येतील, आणि खुर्चीचं आम्ही बाहेरून बघू."

म्हणजे पाचपर्यंत झालं नाही तर पुस्तकं पोत्यात आणि मी घरी. एवढं साधं होतं ते.

मी आठवडाभर जागून नकाशा काढला. चार-चार पुस्तकांचे सुतळीनं बांधलेले सत्तावीसशे गठ्ठे, प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी. त्र्याण्णव माणसं, दोन ओळींत, समोरासमोर. एक या ओळीत तर दुसरा त्या ओळीत, गठ्ठा नागमोडी पुढे जाणार. नियम दोनच. एक, शिट्टी वाजल्याशिवाय कुणी जागा सोडायची नाही. दोन, पुढे गेलेलं काहीही उलटं मागे यायचं नाही. मी स्वतः अठ्ठेचाळीस नंबरवर, बरोबर कोपऱ्यात, म्हणजे इकडे जुन्या इमारतीचं दार दिसतं आणि तिकडे नवीन इमारतीची पायरी. आणि माझ्यासमोर सत्तेचाळीसवर ज्यांनी यायचं ते चष्म्याच्या दुकानाचे मालक ऐन वेळी मेहुण्याकडे निघून गेले.

म्हणून हा. अगदी समोरासमोर, हातभर अंतरावर, दिवसभर.

मी शिट्टी वाजवली. गल्लीच्या टोकाकडून पहिला गठ्ठा निघाला आणि हातांहातांतून डुलत आमच्यापर्यंत आला. त्यानं तो घेतला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "घेता?"

"हं," मी म्हणाले आणि घेतला.

दुसरा गठ्ठा आला. "घेता?"

"हं."

तिसऱ्याला पुन्हा "घेता?" म्हटल्यावर मी म्हणाले, "दर वेळी विचारायलाच हवं का? घेण्यासाठीच उभी आहे मी इथे."

"विचारलेलं बरं. तुमचे हात रिकामे नसले तर?"

"नसले तर दिसतील ना तुम्हाला."

"दिसतील, पण मी हातांकडे बघत असेन तर."

मी गठ्ठा पुढे दिला आणि उगाचच शिट्टी सरळ केली.

"शिट्टीबाई," तो थोड्या वेळानं म्हणाला, "तुम्ही कायम इतक्या… म्हणजे, कायम कामात असता का?"

"माझं नाव शिट्टीबाई नाही."

"मग काय?"

"गठ्ठा आलाय. घ्या आधी."

त्यानं घेतला. पण लगेच दिला नाही, मान वाकडी करून वरच्या पुस्तकाच्या पाठीवरचं नाव वाचायला लागला. "बघा, 'कोंबड्यांचे आजार'. आणि त्याखाली काय, तर 'सुखी संसार'. असे शेजारी-शेजारी ठेवता तुम्ही?"

"ते नंबरांनी लागतात. आणि तुम्ही वाचू नका, द्या."

"घेता?"

"हं."

मला राग येत होता. खरंच येत होता. फक्त पुढचा गठ्ठा यायला दोन क्षण उशीर झाला की मी मान लांब करून गल्लीत बघायला लागत होते, हेही तितकंच खरं.

साडेदहापर्यंत मला कळलं की तो नळदुरुस्ती करतो, कालचा सगळा दिवस कुणाच्या तरी भिंतीतला पाइप शोधण्यात गेला होता आणि म्हणून केसांत चुना आहे. काखेतलं पुस्तक त्यानं चौथीत असताना नेलं होतं. 'नळात पाणी कुठून येतं' अशा काहीशा नावाचं, चित्रांचं.

"सोळा वर्षं?" मी म्हणाले. "सोळा वर्षं पुस्तक ठेवून घेतलंत?"

"आवडलं होतं हो. दर महिन्याला परत करायचं ठरवायचो, आणि एकदा शेवटचं वाचू म्हणून उघडायचो. मग लाज वाटायला लागली. काल कळलं की इमारत पाडतायत, म्हटलं आता तरी जाऊ या."

मी गठ्ठा खाली टाकणार होते, इतकं ते मला आवडलं. पण माझ्या नकाशात त्या पुस्तकाला नंबर नव्हता. म्हणून म्हटलं, "ते राहू दे काखेतच. शेवटी बघू."

इकडे आमचं असं चाललेलं आणि तिकडे साखळीचं काही खरं नव्हतं. गठ्ठे पडत होते. एक इथे, एक तिथे, सुतळी सुटून पुस्तकं रस्त्यावर. त्र्याण्णव माणसांत काम करणारी सत्तर असतील, बाकीची सूचना करणारी होती. "अहो, जरा वाका," "अहो, वाकू नका," "मी सांगतो तसं धरा." सगळ्यात जास्त सूचना अध्यक्षांच्या. ते साखळीत नव्हते, साखळीच्या बाजूनं फेऱ्या मारत होते, हात पाठीमागे बांधून, दर पंधरा मिनिटांनी घड्याळ बघत.

सगळ्यात वाईट जागा होती एक्कावन्न-बावन्नची. एक्कावन्नवर निवृत्त कवायत सर, सत्तरीतही ताठ, गठ्ठा हातात आला की जळता निखारा असल्यासारखा पुढे ढकलायचे. आणि बावन्नवर माझी सख्खी आत्या. आत्याच्या पायाशी गठ्ठ्यांची रास झाली होती.

"आत्या, जरा हात चालव ना," मी ओरडले.

"चालवतेय गं बाई. यांना सांग की, मी काय यंत्र आहे?"

"मी वेळेत देतोय," सर म्हणाले. "घेणाऱ्यांनी वेळेत घ्यावं."

मी शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "हळू देणाऱ्यांनी वेग वाढवा."

"उपयोग नाही," समोरून आवाज आला.

"काय?"

"पाइप कितीही जाड असू दे, एके ठिकाणी अरुंद झाला की पाणी तेवढंच येतं. मागून जोर लावला तर पाणी वाढत नाही, पाइप फुटतो." त्यानं आत्याच्या पायाकडे बोट दाखवलं. "तो बघा, फुटलाय. आणि त्यांचा उजवा खांदा दुखतोय बहुतेक. डाव्या हातानं सावरतायत मघापासून."

माझी आत्या. एका घरात राहते मी तिच्याबरोबर आणि मला दिसलं नव्हतं. खरं तर तिथेच मी त्याचं ऐकायला हवं होतं. पण आजूबाजूची पाच-सहा माणसं ऐकत होती, अध्यक्षही जवळच होते, आणि आठवडाभर जागून काढलेला नकाशा माझा होता.

"तुम्ही इथे नळ दुरुस्त करायला आलेले नाही," मी म्हणाले. "आणि आपल्या गप्पांमुळेच उशीर होतोय. जेवणानंतर तुम्ही एक नंबरवर जा. जुन्या इमारतीच्या दारात, मोठ्या बाईंच्या हाताखाली."

त्यानं एक क्षण माझ्याकडे बघितलं. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. "बरं," तो म्हणाला. "हा शेवटचा. घेता?"

मी 'हं' म्हटलं नाही. नुसता ओढून घेतला.

एक वाजता अकराशे गठ्ठे गेले होते. हिशोबानं दीड हजाराच्या वर जायला हवे होते. सगळे डबे उघडून बसले, मी मात्र नकाशा उघडून बसले, आणि अशा वेळी माणसाला जे सुचू नये तेच मला सुचलं. म्हटलं, उंचीचा घोळ आहे. उंच माणूस बुटक्याला देतो म्हणून गठ्ठे पडतात. सगळ्यांना उंचीप्रमाणे लावू.

कुणालाही विचारलं नाही. विचारायचं कशाला, माझ्याकडे वही होती, शिट्टी होती, आणि शाळेतून मागून आणलेला भोंगाही होता. पाऊण तास गेला नव्या रचनेत. सकाळपासून ओळख झालेल्या शेजाऱ्यांना मी उठवून लांब-लांब उभं केलं. काही कुरकुरले, पण शिट्टीपुढे कोण बोलणार. नवीन शेजारी मिळाल्यामुळे माणसं गोंधळलेली दिसली, म्हणून मी स्टुलावर चढून भोंग्यातून स्वच्छ शब्दांत सांगितलं, "उजवीकडून घ्या आणि डावीकडे द्या. दुसरं काही डोक्यात आणू नका."

समोरासमोर उभ्या असलेल्या माणसांना मी हे सांगत होते. एका ओळीची उजवी बाजू जुन्या इमारतीकडे होती आणि दुसऱ्या ओळीची उजवी बाजू नवीन इमारतीकडे. हे माझ्याशिवाय कुणाच्याही लक्षात आलं असतं, आणि बऱ्याच जणांच्या आलंही होतं. पण 'दुसरं काही डोक्यात आणू नका' असं मीच सांगितलं होतं.

दहा मिनिटं मला वाटलं, वा, काय लगबग आहे, सगळ्यांचे हात हलतायत. हात हलत होते हे खरंच. इकडचा तिकडे देत होता आणि तिकडचा इमानदारीत त्यालाच परत करत होता. काही ठिकाणी दोघंही हात पसरून एकमेकांकडे मागत उभे होते. मग गल्लीच्या टोकाकडून मोठ्या बाईंचा आवाज आला, ज्या आवाजापुढे वाचनालयात आजवर पान उलटल्याचाही आवाज झालेला नाही.

"अगं, बाराशे चाळीस नंबरचा गठ्ठा मी आत्ताच पाठवला होता. तो मला भेटायला परत आलाय."

सगळी साखळी थांबली. कुठे बाराशे दहा, कुठे बाराशे साठ, सगळे नंबर एकमेकांत मिसळलेले. ज्या क्रमासाठी एवढा खटाटोप केला तोच क्रम रस्त्याच्या मधोमध विस्कटून पडला होता. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं.

अध्यक्ष माझ्याजवळ आले. वाईट बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. "असू दे," ते म्हणाले. "माणसांचं काम असंच असतं. मी ट्रकवाल्याला फोन करतो." आणि त्यांनी खिशातून फोन काढला.

मी स्टुलावर तशीच उभी. ब्याण्णव माणसं माझ्याकडे बघत होती आणि मला रडायला येत होतं, तेही भोंगा चालू असताना. गल्लीच्या टोकाला, दारात, तो उभा दिसत होता. मला वाटलं, आता येईल, म्हणेल, मी सांगितलं होतं. पण तो जागेवरून हलला नाही. शिट्टी वाजली नव्हती ना.

"माझं चुकलं," मी भोंग्यात म्हणाले. माझाच आवाज एवढा मोठा ऐकून मी दचकले. "उजव्या-डाव्याचंही चुकलं, आणि उंचीचंही. सकाळपासून मी कुणालाच काही विचारलेलं नाही. मला आता काही सुचत नाहीये. तुम्हाला कुणाला काही सुचत असेल तर… सांगता का?"

मग आत्या बोलली. माझी आत्या दबक्या आवाजात बोलू शकत नाही, तिला तो प्रकारच माहीत नाही.

"सकाळपासून बघतेय मी. सगळीकडे गठ्ठे पडले. पण त्या नळवाल्या मुलाकडून तुझ्याकडे येताना एकसुद्धा पडला नाही. तुम्ही दोघं काय करत होता गं?"

"काही नाही," मी म्हणाले.

"काहीतरी करत होताच. सांग की सगळ्यांना."

भोंगा माझ्या हातात होता, तो बंद करायचं बटण मला सापडेना. "तो… म्हणजे ते… गठ्ठा देण्याआधी विचारायचे, 'घेता?' म्हणून. आणि मी म्हणायचे, 'हं.' मग ते द्यायचे. बस्, एवढंच."

कोपऱ्यापासून दोन्ही बाजूंना हशा पसरत गेला. माझे कान तापले. पण कवायत सर हसले नाहीत. ते विचार करत होते.

"म्हणजे देणाऱ्यानं ठरवायचं नाही," ते हळूच म्हणाले. "घेणाऱ्यानं 'हं' म्हटल्यावरच द्यायचं." मग त्यांनी आत्याकडे बघितलं. "मी तुमच्या अंगावर टाकत होतो. तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमचा आवेश बघून," आत्या म्हणाली. "आणि खांदा दुखतो म्हटलं असतं तर ह्या पोरीनं मला घरी पाठवलं असतं. मला यायचं होतं हो."

त्यानंतर सगळेच बोलायला लागले. कुणी म्हणालं, दुखऱ्या हातांच्या माणसांना जवळ-जवळ उभं करा, म्हणजे त्यांना हात लांब करावा लागणार नाही. कुणी म्हणालं, आम्हाला आमचे सकाळचे शेजारी परत द्या, त्यांची सवय झालीय. मोठ्या बाईंनी टोकाकडून सांगितलं, ज्याच्या हातात जो नंबर असेल त्यानं तो ओरडा, मी एक-एक बोलावते. वीस मिनिटांत विस्कटलेला क्रम लागला. मी काय केलं? मी शिट्टी ओढणीत लपवली आणि सांगतील तिकडे धावले.

एकच अडचण राहिली. सगळे सकाळच्या जागांवर आले, पण सत्तेचाळीस रिकामा. त्याला परत बोलवायला माझी जीभ रेटेना. त्यानंच टोकाकडून हात हलवून सांगितलं, "मी इथेच बरा. पहिल्या माणसानं घाई केली की पुढे सगळं तुंबतं. मी बघतो इकडचं."

मग मी फोन हातात धरून उभ्या असलेल्या अध्यक्षांकडे वळले. "साहेब," मी म्हणाले, "तुमची उंची किती?"

त्यांनी फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, ब्याण्णव माणसांकडे बघितलं, आणि बाह्या वर सारल्या.

आणि मग ते सुरू झालं. बावन्नकडून एक्कावन्नकडे 'हं', एक्कावन्नकडून पन्नासकडे 'हं'. गठ्ठे पुढे चालले होते आणि 'हं' मागे चालला होता, नवीन इमारतीच्या पायरीपासून थेट जुन्या दारापर्यंत. कुणाचा नाजूक, कुणाचा खर्जातला. अध्यक्षांना पहिल्यांदा जमेना, ते "हां, द्या" म्हणायचे, मग "हो", मग शेवटी एक छान घरगुती 'हं' निघाला त्यांच्या तोंडून. सूचना करणाऱ्यांची तोंडं 'हं' म्हणण्यात गुंतली, त्यामुळे सूचना बंद झाल्या. येणारे-जाणारे लोक थांबून बघायला लागले. सकाळच्या दुप्पट वेग, आणि कुणी धापा टाकत नव्हतं.

मी खूश असायला हवं होतं. होतेही. फक्त दर वेळी मान वर केली की समोर अध्यक्षांची मिशी. मी 'हं' म्हणायचे आणि गल्लीच्या टोकाकडे बघायचे. तिथे एक पाठमोरा शर्ट आत जायचा, बाहेर यायचा. सकाळी त्याच्या हातचा शेवटचा गठ्ठा मी ओढून घेतला होता, हे मला गठ्ठ्यागणिक आठवत होतं. तो मला आवडला होता. उगाच आढेवेढे कशाला घेऊ, चार तासांत आवडला होता आणि पाचव्या तासाला मीच त्याला शंभर पावलं लांब पाठवलं होतं. पाच वाजता पुस्तकं संपणार, शिट्टी वाजणार आणि तो आपला पाना घेऊन कुणाच्या तरी भिंतीकडे निघून जाणार. त्याला थांबवायला माझ्याकडे कुठलाच नकाशा नव्हता.

पाचला दहा मिनिटं कमी असताना सत्तावीसशेवा गठ्ठा माझ्या हातातून गेला. नवीन इमारतीच्या पायरीवर टाळ्या सुरू झाल्या आणि साखळीतून आमच्यापर्यंत आल्या. मी शिट्टी ओठांना लावली.

"थांबा," अध्यक्ष म्हणाले. "मागून अजून काहीतरी येतंय."

गल्लीत काहीतरी येत होतं खरं, पण फार हळू. प्रत्येक माणसापाशी थांबत होतं. ज्याच्या हातात जाई तो मान खाली घालून बघे, मग खिशात पेन शोधे, मग हसे आणि पुढे देई. एका काकूंनी तर चष्मा काढून पुसला, परत घातला आणि दोनदा बघितलं. जसजसं ते जवळ येत होतं तसतसे तिकडचे सगळे चेहरे माझ्याकडे वळत होते.

अध्यक्षांच्या हातात ते आलं तेव्हा मी ओळखलं. जुनाट, पातळसं, चित्रांचं. अध्यक्षांनी ते उघडलं, वाचलं, खिशातलं शाईचं पेन काढून काहीतरी लिहिलं, फुंकर घालून वाळवलं. मग मला अगदी गंभीरपणे विचारलं, "घेता?"

"हं," मी म्हणाले.

पहिल्या पानावर आमच्या वाचनालयाची चिठ्ठी चिकटवलेली होती, परतीच्या तारखेची. तारीख सोळा वर्षांपूर्वीची. तिच्याखाली निळ्या पेनानं, वंगणाच्या बोटाचा ठसा उमटलेला, असं लिहिलं होतं:

'शिट्टीबाई, पुस्तक परत केलं. आता वाचनालयात यायला माझ्याकडे काही कारण उरलं नाही, पण मला रोज यावंसं वाटतंय. तुम्ही मला आवडलात. रागावता तेव्हाही. मघाशी सगळ्यांसमोर चूक कबूल केलीत तेव्हा तर फारच. तुम्हाला 'तू' म्हटलं तर चालेल का? घाई नाही. हात रिकामे झाले की सांगा.'

आणि त्याखाली, समासात, आडवं, उभं, जागा मिळेल तिथे, सगळ्यांनी लिहिलेलं होतं. 'मुलगा चांगला आहे. — मोठ्या बाई.' 'आमचा नळ यानंच दुरुस्त केला. अजून गळत नाही.' 'हो म्हण.' 'विचार करून हो म्हण.' 'अक्षर सुधारायला हवं.' 'मी हे वाचलेलं नाही.' आणि सगळ्यात खाली, शाईत, ताज्या ओल्या अक्षरांत: 'समितीची हरकत नाही. नोकरीबाबतही. — अध्यक्ष.'

मी मान वर केली. इकडे चाळीस-पंचेचाळीस माणसं, तिकडे चाळीस-पंचेचाळीस माणसं, एकजण हलेल तर शपथ. शिट्टी वाजली नव्हती, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच सगळे नियम पाळत होते. मागून आत्या म्हणाली, "काय लिहिलंय गं?" तर कवायत सर तिला म्हणाले, "जरा थांबा हो. तिचे हात रिकामे होऊ द्या."

मी पुस्तक मिटलं. जुना नंबर मला पाठच होता, सोळा वर्षं कपाटात त्याची जागा मोकळी ठेवलेली होती. ते मी एकोणपन्नासच्या हातात दिलं आणि म्हटलं, "मुलांचं कपाट, वरचा खण." ते पुढे चालू लागलं.

मग मी अध्यक्षांकडे वळले. दोन्ही हात रिकामे होते.

"हं," मी म्हणाले.

अध्यक्षांनी मिशीतल्या मिशीत हसून शेहेचाळीसकडे तोंड केलं. "हं." शेहेचाळीसनं पंचेचाळीसला. पंचेचाळीसनं चव्वेचाळीसला. काकूंचा लाजरा 'हं', त्यांच्या यजमानांचा ठसक्याचा 'हं', कुणाचा हसत-हसत, कुणाचा भरलेल्या गळ्यानं. गल्लीभर तो मागे-मागे जात होता आणि कुठवर पोचला ते मला ऐकू येत होतं. तीस… पंचवीस… मग इतका लांब गेला की ऐकू येईना, नुसत्या माना वळताना दिसत होत्या. दहा. पाच. दोन.

दारातला तो शर्ट एक क्षण अगदी स्तब्ध उभा राहिला. मग त्यानं दोन्ही हात डोक्यावर उंच धरून मला दाखवले. रिकामे.

तेव्हा कुठे मी शिट्टी वाजवली. आता जागा सोडायला सगळ्यांना मोकळीक होती. सोडली एकानंच, आणि बाकीचे सगळे तो पोचेपर्यंत आपापल्या जागी उभे राहिले.